ऑनलाइन खात्यांची बांधाबांध कशी करावी

परळच्या आमच्या चाळीचा पुनर्विकास ठरला आणि बिऱ्हाडे विरार, डोंबिवली, पनवेलकडे पांगू लागली, तेव्हा गणेशोत्सव मंडळाचे सामान कोठे ठेवायचे यावर दोन बैठका झाल्या. समया, सतरंज्या, मखराच्या चौकटी, लाकडी कपाट, सगळ्यांची सोय लागली. मंडळाचे फोटो कोणत्या खात्यात आहेत, हा प्रश्न मात्र कोणाला सुचला नव्हता. तो निघाला तेव्हा कळले की ते खाते माजी कार्यवाहांच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलेले आहे, पासवर्ड त्यांना आठवत नाही आणि ओटीपी ज्या मोबाइल क्रमांकावर जातो तो क्रमांक परदेशी गेल्यावर त्यांनी सोडून दिला आहे. फोटो आम्हाला मिळाले, पण ते केवळ त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर ते खाते उघडेच राहिले होते म्हणून. चाळ पाडल्यावर तिचे जे काही उरणार होते त्यातला मोठा भाग त्या एका खात्यात होता, आणि तो एका विसरलेल्या पासवर्डवर अवलंबून होता, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

त्या वर्षी मंडळाची आणि पुढे माझ्या घरची मिळून बरीच खाती मी एका जागी आणली, काही बंद केली, काहींमधला मजकूर दुसऱ्या सेवेवर नेला. त्या अनुभवातून जी पद्धत बसली ती येथे सांगतो. मजकूर हलवणे हे यातले दुसरे काम आहे. पहिले काम म्हणजे कोणते खाते कोणाच्या नावावर आहे आणि त्याची किल्ली नेमकी कोणाच्या हातात आहे, याचा शोध घेणे.

आधी वही

शोधाची सुरुवात कागदी वहीत करावी. प्रत्येक खात्यासाठी अर्धे पान सोडावे आणि त्यावर सेवेचे नाव, ज्या ईमेलने प्रवेश होतो तो ईमेल, ओटीपी जाणारा मोबाइल क्रमांक, पासवर्ड हरवल्यास उपयोगी पडणारा दुसरा ईमेल, वार्षिक शुल्क असल्यास ते कोणाच्या कार्डावरून जाते, आणि खात्यात काय आहे, एवढे लिहावे. पासवर्ड या वहीत लिहू नये.

आपली खाती किती आहेत हे बहुतेकांना माहीत नसते, कारण त्यांतली निम्मी कधीतरी घाईत उघडलेली असतात. ती शोधण्यासाठी आपल्या ईमेलमध्ये ‘व्हेरिफाय’, ‘वेलकम’, ‘पासवर्ड’ आणि ‘इनव्हॉइस’ हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाकून शोध घ्यावा. ब्राउझरने साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडावी. ज्या सेवांमध्ये आपण गूगल, ॲपल किंवा फेसबुकच्या खात्याने थेट प्रवेश केला आहे त्यांची यादी त्या मूळ खात्याच्या सुरक्षाविषयक पानावर मिळते, आणि ती अवश्य पाहावी, कारण मूळ खाते बंद केले की त्याच्या आधाराने उघडलेली सगळी दारे एकाच वेळी बंद होतात. शुल्काच्या सेवा सापडत नसतील तर बँकेच्या खातेउताऱ्यावर मागील बारा महिने नजर फिरवावी.

वही भरत असताना मोबाइल क्रमांकांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला गेला नाही, तर तो बंद होऊ शकतो. बंद झालेला क्रमांक पुढील किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला दिला जात नाही, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. याचा दुसरा अर्थ असा की त्यानंतर तो दिला जाऊ शकतो, आणि मग आपल्या खात्याचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती पडू शकतो. क्रमांक बदलण्यापूर्वी वहीतले प्रत्येक पान उघडून त्या त्या खात्यात नवा क्रमांक नोंदवावा, तो चालतो याची खात्री करावी आणि मगच जुने सिमकार्ड सोडावे. व्हॉट्सॲपमध्ये यासाठी ‘चेंज नंबर’ अशी स्वतंत्र सोय आहे, तिचा उपयोग जुना क्रमांक चालू असतानाच करून घ्यावा.

खाते कोणाचे, माणसाचे की संस्थेचे

मंडळ, गृहनिर्माण संस्था, वाचनालय, नाट्यसंस्था अशा ठिकाणी खाते पदाच्या नावाने असावे, व्यक्तीच्या नावाने नसावे. कार्यवाह बदलतात, पण ‘कार्यवाह’ या पदाचा ईमेल तोच राहतो. जेथे एकाहून अधिक व्यवस्थापक नेमता येतात, उदाहरणार्थ फेसबुकचे पान किंवा यूट्यूबचा ब्रँड खात्यावरील चॅनेल, तेथे एकच पासवर्ड चौघांना सांगण्याऐवजी चौघांना त्यांच्या त्यांच्या खात्यातून अधिकार द्यावेत, आणि सर्वाधिकार निदान दोघांकडे असावेत. एकच पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असला की कोणी काय पुसले हे कळत नाही आणि एखाद्याने संस्था सोडली तरी त्याचा प्रवेश चालूच राहतो.

एका संगणकावर दोन-तीन खाती चालवणाऱ्यांनी ब्राउझरमध्ये प्रत्येक खात्यासाठी वेगळी प्रोफाइल तयार करावी आणि तिला वेगळा रंग द्यावा. एकाच खिडकीत अनेक गूगल खाती उघडली तर ज्या खात्याने प्रथम प्रवेश केला असेल ते मुख्य धरले जाते, आणि आपण मंडळाच्या खात्यात आहोत अशा समजुतीने केलेला वर्गणीचा फॉर्म आपल्या खासगी खात्यात जाऊन बसतो. माझ्याकडून हे घडले आहे. मंडळासाठी हिरवी आणि घरासाठी निळी प्रोफाइल केल्यापासून पुन्हा घडलेले नाही.

पासवर्डांच्या बाबतीत लांबलचक सांगण्याची गरज नाही. प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड द्यावा, ते सगळे बिटवॉर्डन किंवा कीपाससारख्या पासवर्ड-व्यवस्थापकात ठेवावेत आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागण्याची सोय, चालू करावी. क्रोममधून पासवर्ड बाहेर काढून व्यवस्थापकात आणताना जी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साध्या मजकुराची यादी, तयार होते तिच्यात सगळे पासवर्ड उघडे, साध्या अक्षरांत लिहिलेले असतात, म्हणून काम होताच ती फाइल कचरापेटीतूनही काढून टाकावी. गूगलसारख्या सेवा दुहेरी पडताळणीबरोबर दहा बॅकअप कोड देतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो, आणि फोन हरवला तर तेच कामी येतात. ते छापून बंद पाकिटात ठेवावेत.

फोटो हलवताना

सर्वांत जास्त जीव अडकलेला असतो तो फोटोंमध्ये, आणि चुकाही तेथेच अधिक होतात. गूगलच्या खात्यातून सामग्री बाहेर काढण्याची ‘टेकआउट’ ही सोय २०११ पासून आहे. तेथे आधी सर्व खुणा काढून टाकून फक्त फोटो निवडावेत, कारण सगळेच एकदम मागितले की हाती पडलेल्या गठ्ठ्यातून हवे ते शोधणे कठीण होते. गठ्ठ्याचा आकार निवडता येतो. घरचे इंटरनेट मध्येच तुटत असेल तर ५० जीबीच्या एका गठ्ठ्यापेक्षा ४ किंवा १० जीबीचे अनेक गठ्ठे बरे, कारण एक बिघडला तर तेवढाच पुन्हा उतरवता येतो. गठ्ठे उतरवण्याची लिंक साधारण सात दिवस चालते, म्हणून लॅपटॉपवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर पुरेशी जागा आहे याची खात्री करूनच मागणी नोंदवावी, आणि सगळे गठ्ठे उतरल्यावर ते एकाच फोल्डरमध्ये उघडावेत, कारण एका अल्बमचे फोटो दोन गठ्ठ्यांत विभागलेले असू शकतात. दुसऱ्याने आपल्याला दाखवलेले पण आपण स्वतःच्या संग्रहात जतन न केलेले फोटो त्यात येतील असे गृहीत धरू नये.

गठ्ठा उघडल्यावर फोटोंच्या शेजारी त्याच नावाच्या जेसन प्रकारच्या छोट्या फाइली दिसतात. अनेकजण त्या निरुपयोगी समजून पुसतात आणि मग पस्तावतात. आपण सेवेत जाऊन फोटोला जे वर्णन लिहिले, जी तारीख किंवा जागा हाताने सुधारली, ते सगळे त्या छोट्या फाइलीत असते. मंडळाचे १९८० च्या दशकातले छापील फोटो आम्ही स्कॅन केले होते, आणि प्रत्येकाची खरी तारीख जुन्या मंडळींना विचारून एकेक करून भरली होती. त्या फोटोंच्या मूळ फाइलीत तारीख आहे ती स्कॅन केलेल्या दिवसाची, आणि खरे वर्ष केवळ जेसनमध्ये. एक्झिफटूल नावाच्या विनामूल्य साधनाने ही माहिती फोटोच्या फाइलीत परत लिहिता येते. ते काम प्रतीवर करावे, मूळ गठ्ठ्यावर करू नये.

आणखी एक बारकावा आहे. या फाइलींतली वेळ जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चालते, आणि मध्यरात्रीनंतर दोन वाजता काढलेला फोटो जेसनमध्ये आदल्या दिवशी रात्री साडेआठचा म्हणून दिसतो. तारखेनुसार फोल्डर करणाऱ्याने साडेपाच तास मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची गोष्ट निराळी आहे. पाठवताना फोटो लहान होतो आणि कॅमेऱ्याने त्यात लिहिलेली तारीख व जागा पुसली जाते, त्यामुळे असे फोटो नव्या सेवेवर चढवले की पुष्कळदा ते चढवल्याच्या दिवसाखाली जमा होतात. अँड्रॉइड फोनवर मात्र त्यांच्या नावात तारीख दडलेली असते. ‘आयएमजी’ या अक्षरांनंतर २०१९०९१२ असे आठ आकडे असतील तर तो फोटो १२ सप्टेंबर २०१९ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या अनंत चतुर्दशीला आलेला आहे. म्हणून या फाइलींची नावे बदलू नयेत. ज्यांनी फोटो काढले त्यांच्याकडून मूळ फाइली गूगल ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवर मागून घेता आल्या तर त्याहून चांगले.

दोन कंपन्यांमध्ये थेट पाठवणीची सोयही आता आहे. ॲपलच्या गोपनीयताविषयक पानावरून आयक्लाउडमधले फोटो गूगल फोटोजकडे पाठवण्याची मागणी नोंदवता येते. तिला ॲपलच्या सांगण्यानुसार तीन ते सात दिवस लागतात, आणि ही प्रत असते, मूळ फोटो जागेवरच राहतात. फेसबुकवरूनही फोटो असे पाठवता येतात. पलीकडच्या खात्यात जागा आहे का, हे आधी पाहावे. गूगलच्या मोफत १५ जीबीमध्ये ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही येतात, आणि फोटोंची अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झालेली आहे.

ईमेल आणि दस्तऐवज

ईमेलचा पत्ता बदलताना पहिल्या दिवशी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पत्रे आपोआप पुढे पाठवण्याची सोय लावावी. त्यामुळे जुना साठा हलवण्याची घाई राहत नाही. साठा हलवण्यासाठी थंडरबर्डसारख्या ईमेलच्या कार्यक्रमात दोन्ही खाती आयमॅप पद्धतीने (जिच्यात पत्रे सेवेच्या सर्व्हरवरच राहतात) जोडून एका खात्यातले फोल्डर दुसऱ्या खात्यात ओढता येते. जीमेलमध्ये या मार्गाने दिवसाला साधारण ५०० एमबीच आत घेतली जातात, म्हणून दहा जीबीचा पत्रव्यवहार हलवायला तीन आठवडे धरून चालावे आणि एकेका वर्षाचे फोल्डर करून ते नेत जावे. मध्येच काम थांबले म्हणून तेच फोल्डर पुन्हा ओढले तर प्रत्येक पत्र दोनदा येते.

ड्राइव्हवरील दस्तऐवजांत मालकी हाच खरा प्रश्न असतो. ‘माझ्याबरोबर शेअर केलेले’ या भागात दिसणारा जमाखर्च आपला नसतो. ज्याने तो तयार केला त्याचे खाते पुसले गेले की तोही जातो. वैयक्तिक खात्यांमध्ये फाइलीची मालकी दुसऱ्याला देता येते आणि समोरच्याने ती स्वीकारावी लागते. कार्यालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या खात्यातली फाइल अशी बाहेरच्या खात्याच्या मालकीची करता येत नाही, तिची प्रत काढून घ्यावी लागते, आणि प्रतीबरोबर बदलांचा इतिहास येत नाही. नोकरी सोडणाऱ्यांनी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हे काम अखेरच्या आठवड्यावर ठेवू नये.

मराठी मजकुराची खास काळजी

सभासदांची यादी एका सेवेतून सीएसव्ही स्वरूपात काढून एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की पुष्कळदा नावांच्या जागी डोक्यावर तिरक्या रेघा असलेली रोमन अक्षरे आणि चलनांची चिन्हे दिसतात. यादी बिघडलेली नसते, एक्सेलने ती चुकीच्या संकेतप्रणालीने वाचलेली असते. ती फाइल न साठवता बंद करावी, कोरे पान उघडून ‘डेटा’ या टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट किंवा सीएसव्ही’ निवडावे आणि फाइलीच्या मूळ संकेतप्रणालीच्या रकान्यात ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावे. नावे जशीच्या तशी परत येतात. बिघडलेल्या अवस्थेतच ‘सेव्ह’ केले, तर मात्र दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते.

जुन्या स्मरणिका आणि अहवाल यांची अडचण अधिक खोल आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी आतून तो इतर अक्षरांचा साठा असतो, आणि नव्या सेवेवर चिकटवताच त्याचे निरर्थक रोमन होते. परिवर्तकाने तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या प्रमाण संकेतप्रणालीत, आणावा, पण त्यावर विसंबून प्रकाशित करू नये. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांच्या जागा चुकतात, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक पुसला जातो. मूळ छापील प्रत शेजारी ठेवून एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर तपासावे. आमच्या एका स्मरणिकेला याच पद्धतीने चार संध्याकाळी लागल्या आणि त्यांत दिवंगत सभासदांची सात नावे दुरुस्त झाली.

‘ब्लॉगर’ या ब्लॉगसेवेवरचे लेख ‘वर्डप्रेस’ या दुसऱ्या सेवेवर नेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. बाहेर काढलेल्या फाइलीत लेखांचा मजकूर असतो, चित्रांच्या मात्र केवळ लिंका असतात. नव्या जागी चित्रे दिसतात ती जुन्याच जागेवरून येत असू शकतात, आणि जुने खाते पुसल्यावर सगळे लेख चित्रांविना उरतात. चित्रावर उजवी टिचकी मारून त्याचा पत्ता पाहिला की ते कोठून येते हे समजते. दुसरी गोष्ट दुव्यांची. मराठी शीर्षक दिले की ब्लॉगर त्यातली देवनागरी अक्षरे वगळून ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा असा पत्ता तयार करतो, वर्डप्रेस मात्र देवनागरीचाच लांबलचक पत्ता बनवतो. जुन्या लिंका चालू राहाव्यात असे वाटत असेल तर लेखागणिक जुना आणि नवा पत्ता वहीत लिहून एकाकडून दुसऱ्याकडे वळवावा. नव्या लेखाला पत्ता हाताने, लहान आणि रोमन लिपीत द्यावा. तो संदेशात पाठवायलाही सोपा पडतो.

जुने खाते बंद करण्यापूर्वी

सगळे हलवून झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या मोजावी, मग प्रत्येक वर्षातली पाचेक छायाचित्रे आणि दोन-तीन दस्तऐवज प्रत्यक्ष उघडून पाहावेत. नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, कारण अर्धवट उतरलेली फाइलही एक म्हणूनच मोजली जाते. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम येथे उपयोगी आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या जागी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरची कपाटे आणि त्यांतली कागदपत्रे एकदमच पाण्यात गेली होती. ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना दुसऱ्या जागेची गरज वेगळी समजवावी लागणार नाही. आमची एक हार्ड डिस्क आता डोंबिवलीला असते.

सेवा कायम राहील असेही धरू नये. ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि गूगल प्लसची वैयक्तिक खाती २ एप्रिल २०१९ पासून. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत आपली माहिती एका सेवेतून दुसरीकडे नेण्याचा हक्क लिहिलेला आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती मागण्याचा, पुसून घेण्याचा आणि आपल्या पश्चात तिच्यासाठी वारस नेमण्याचा हक्क आहे, पण असा नेण्याचा स्वतंत्र हक्क नाही. म्हणून जोवर कंपनी प्रत देते तोवर ती वर्षातून एकदा घेत राहावे, आणि आम्ही ती गणेशोत्सवाचा हिशेब पूर्ण झाल्यावर घेतो. वैयक्तिक गूगल खात्यासाठी ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ ही सोय आहे. तेथे घरातल्या एखाद्याचे नाव नोंदवून ठेवावे, कारण दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल पुसून टाकू शकते.

जुने खाते लगेच बंद करू नये. त्यावर नवा पत्ता सांगणारे स्वयंचलित उत्तर लावून ते निदान एक वर्ष चालू ठेवावे आणि महिन्यातून एकदा त्यात डोकावून कोणाची पत्रे अजून तेथे येतात हे पाहावे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यवाह बदलले की वहीतले प्रत्येक पान त्याच दिवशी जुन्या आणि नव्या कार्यवाहांनी एकत्र बसून वाचावे, मोबाइल क्रमांक बदलावा, जुन्या फोनवरून खात्यातून बाहेर पडावे आणि नवे बॅकअप कोड काढावेत. नवे निघाले की आधीचे सगळे रद्द होतात, तेव्हा जुना कागद फाडून नवा पाकिटात घालावा, पाकिटावर तारीख टाकून दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि ते खजिनदारांच्या ताब्यात द्यावे.